मालकानं पाहायचं नाही

नोकरी मागायला गेले तेव्हा काकाजींनी माझी पदवी हातात घेतली नाही. हा राग मी बरेच दिवस बाळगला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईनं ते बी.ए.चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी उशीच्या खोळीत आणि खोळ लोखंडी पेटीत ठेवलेली. एवढ्या आवरणांतून काढून मी ते समोर धरलं, आणि समोरचा माणूस म्हणाला, "ठेवा थे. सांजच्याले काय करता?"

तरुण मुलीला हा प्रश्न कोणी विचारला तर काय समजायचं, ते मला समजत होतं. मी खुर्ची जरा मागं सरकवली.

"स्वयंपाक करते."

"त्याच्यानंतर?"

"भांडे घासते."

"अन् त्याच्यानंतर?"

"झोपते."

काकाजींचा चेहरा पडला. शेजारी हेड फिटर रऊफभाई उभे होते. त्यांच्याकडे पाहून काकाजी म्हणाले, "बी.ए. झाली अन् झोपते म्हनते."

"जवान है काकाजी," रऊफभाई म्हणाले. "कुछ न कुछ निकलेगा."

या भरवशावर मला सीझनपुरतं वजनकाट्यावर ठेवलं. काय निकलेगा, ते मला कोणी सांगितलं नाही.

जिनिंग दारव्ह्याच्या रस्त्यावर होती. शेतकऱ्यांच्या गाड्या कापूस घेऊन यायच्या, काट्यावर वजन व्हायचं, मग मशीन सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे करायची, आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. काकाजी मालक. त्यांचे साळे भागीदार, त्यांना सगळे मामाजी म्हणत. मामाजी महिन्यातून एकदा कारमधून यायचे आणि उतरायच्या आधी नाकाला रुमाल लावायचे.

काकाजी दिसायला कसे होते ते सांगायचं तर आधी त्यांच्या अंगावरची रुई झटकावी लागेल. सकाळी पांढरा सदरा-पायजमा घालून यायचे आणि दुपारपर्यंत सदरा कोणता आणि रुई कोणती, ते ओळखू यायचं नाही. भुवयांत रुई, मिशांत रुई, कानांत रुई. बोटांत कायम कापसाचा एक पुंजका. तो दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. आपल्याशी बोलतानाही हे चालू असे, त्यामुळे ते आपल्यालाच ओढून पाहतायत असं वाटायचं.

जगात कापसाशिवाय दुसरं मोजमाप असतं हे त्यांना मान्य नव्हतं. ओल, कचरा आणि धागा, बस. चहा पातळ झाला की "ओल जास्त हाय". थोरल्या जावयाबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचे, "कचरा नाई त्याच्यात, पन धागा आखूड." जावई शेजारीच बसलेले असायचे. त्यांनाही सवय झाली होती.

आता ती अट. आमच्या जिनिंगमध्ये प्रत्येकाला 'दुसरं काम' असावं लागे. दुसरं काम म्हणजे जोडधंदा नव्हे. ज्याच्यावर चूल पेटत नाही असं काम. गाणं म्हणा, सोंग घ्या, भिंती रंगवा, लाकूड कोरा, फक्त ते तुमचं स्वतःचं पाहिजे. बाजाराच्या दिवशी दुपारी काकाजी मशीन बंद करायचे आणि फाटकावर स्वतःच्या हातानं पाटी अडकवायचे, 'दुसरे काम चालू आहे.' तेवढ्या वेळाची रोजी कोणाची कापली जायची नाही. कापसाच्या गाड्या बाहेर ताटकळत उभ्या.

"काय वो काकाजी," एखादा शेतकरी ओरडायचा, "अठी कापूस घेता का तमाशा करता?"

"दोनी करतो. बसा सावलीत, चाय घ्या."

मग सगळे प्रेसच्या शेडमध्ये जमायचे. काकाजी एका गाठीवर मांडी घालून बसायचे आणि जो तो आपलं दाखवायचा. काकाजींना त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. लोक म्हणायचे, लहानपणी त्यांना गवई व्हायचं होतं, बापानं होऊ दिलं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "मले काईच व्हायचं नवतं. कोनी विचारलंच नाई." त्यांचा आवाज मी ऐकला आहे. बापानं बरोबर केलं असेल.

रऊफभाई गझल लिहायचे. दिवसभर ग्रीस आणि संध्याकाळी गझल. ती ते डोळे मिटून म्हणायचे. पूर्ण झाली की काकाजी पुंजका ओढत विचार करायचे आणि सांगायचे, "ओल जास्त हाय. वाळवा."

रऊफभाईंना आधी राग आला. मग त्यांनी घरी जाऊन रडण्याबिडण्याचे शेर काढून टाकले आणि आठवड्यानं तीच गझल पुन्हा म्हटली. मला म्हणाले, "मॅडम, बुड्ढे को शायरी का श समझता नहीं, लेकिन बात सही बोला."

सुमनबाई तांड्यावरच्या. सरकी उचलायच्या कामावर होत्या आणि होळीची लेंगी अशी म्हणायच्या की मशीन बंद असूनही शेड थरथरते असं वाटायचं. त्या गायला लागल्या की काकाजी हमखास झोपायचे, आणि घोरायचे. सुमनबाईंनी एकदा गाणं मध्येच थांबवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शांततेनं काकाजींना जाग आली.

"झोपा ना बाप्पा झोपा," सुमनबाई म्हणाल्या, "मी पाय चेपून देऊ का?"

"खराब मालापाशी मले झोप येत नाई, बाई," काकाजी म्हणाले. "म्हना पुढं."

ही तारीफ होती की नाही, यावर सुमनबाईंनी होळीपर्यंत विचार केला.

एका हेल्परनं भंगारातून मोर बनवला होता. जुन्या नटांचं अंग, पात्यांचा पिसारा, आणि डोळ्यांच्या जागी दोन चकचकीत बेअरिंग. मोराला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी एक मशीन बसलं आणि रऊफभाई नवे बेअरिंग शोधायला लागले. सगळी जिनिंग पालथी घातली. शेवटी काकाजी मोरासमोर जाऊन उभे राहिले, बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाले, "हा आपल्याकडं पाहून राह्यला." त्या सीझनभर मोर आंधळा राहिला. हेल्परला कोणी काही बोललं नाही. काकाजींनी एवढंच विचारलं, "पिसाऱ्याले कायचे पाते लावले? थे तरी जुने हायेत ना?"

मामाजींना हे सगळं पाहून पोटात दुखायचं. त्यांनी एकदा माझ्यासमोरच काकाजींना विचारलं, "भाऊजी, या नाचगान्याचा आपल्याले फायदा काय?"

काकाजींनी असं उत्तर दिलं की मी तेव्हापासून ते कुठंही सांगते. म्हणाले, "सांजच्याले ज्याले ढोलक वाजवायची हाय ना, थो दिवसा रोलरमंदी बोटं घालत नाई."

जिनिंगमध्ये काम केलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मशीनचे रोलर गरगर फिरत असतात, कापूस अडकतो, कंटाळलेला माणूस हातानं तो काढायला जातो. आजूबाजूच्या गावांत अर्ध्या बोटांची माणसं आहेत. आमच्याकडं मी असेपर्यंत कोणाचं बोट गेलं नाही. दुसरी गोष्ट, जिनिंगचं काम सीझनचं. सीझन संपला की माणूस वाट फुटेल तिकडं जातो आणि पुढच्या वर्षी नवीन माणसं शोधावी लागतात. आमच्याकडं तीच माणसं परत यायची, कारण कोणाची गझल अर्धी असायची, कोणाचं सोंग. अर्धं टाकून माणूस जात नाही. मालकानं माणसाच्या मनातल्या कामाला जागा दिली तर मालकाचं नुकसान होत नाही, एवढं मी पैजेवर सांगीन. पुस्तकात हे कुठं लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही. मी ते काट्यावर बसून पाहिलं.

माझे आताचे साहेब, मी मारेगावला एका पतसंस्थेत आहे, फार सभ्य आहेत. संध्याकाळी मी काय करते हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. ते मला खटकतं.

पण तेव्हा विचारलेलंच खटकायचं. दर बाजाराच्या दिवशी काकाजी माझ्याकडं मान वळवायचे. "मॅडम, तुमचं काय?"

"माझं काही नाही. मी वजन करते."

"थे तं दिवसा."

मी पदवीधर. गाणं-बजावणं करायला नव्हते आले. शिवाय आईचे गुडघे गेले होते, निंदणाला जाणं तिनं माझ्या पगाराच्या भरवशावर सोडलं होतं. ही नोकरी गेली तर तिला पुन्हा वावरात उकिडवं बसावं लागलं असतं. म्हणून मी तोंड सांभाळून होते. नाहीतर आमच्या घरात तोंड सांभाळायची पद्धत नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर माझ्या नेहमीच्या जागेवर एक कोरं डफडं. काकाजी गाठीवर बसलेले आणि खुश. त्यांनी ते सकाळी स्वतः बाजारातून पारखून आणलं होतं.

"तुमच्या गावचा एक मानूस भेटला," ते म्हणाले. "तुमच्या आजाचा हात सांगतला त्यानं. म्हने असं डफडं पंचक्रोशीत कोनी वाजवत नवतं. आता मले सांगा, घरात एवढं असून तुमी झोपता?"

सगळे हसले. वाईट मनानं कोणी हसलं नाही. मी उभी राहिले.

माझ्या आजोबांच्या हाताला नाव होतं हे खरं. पाटलाकडचं लग्न असो की पोळा, बोलावणं यायचं आणि जावं लागायचं. मांडवाबाहेर, उकिरड्याच्या अंगाला उभं राहून वाजवायचं. दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी डफडं आढ्याला टांगलं. म्हणाले, आता नाही. गावानं काम बंद केलं, विहीर बंद केली. आजी लांब नेरच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. आजोबांनी पुन्हा हात लावला नाही. पोराला शाळेत घातलं. पोरगा शिकला नाही ती गोष्ट वेगळी. मी शिकले.

हे सगळं मी तिथं सांगितलं, याच क्रमानं. शेवटी म्हटलं, "काकाजी, मालकानं सांगतलं म्हनून वाजवायचं असतं तं थे गावातच होतं. त्याच्यासाठी बी.ए. कायले व्हायचं? तुमी समोर बसान, मी वाजवीन, अन् तुमी सांगसान ओल किती हाय. मंग माह्या आजानं सोडलं तरी काहून?"

काकाजींच्या अंगठ्यांतला पुंजका तुटला आणि त्यांनी तो जुळवला नाही. मी पिशवी उचलली आणि घरी गेले. आईला सांगितलं, नोकरी गेली. आई म्हणाली, "बोलली ना पन? मंग जेव."

सकाळी पगाराचा हिशेब करायला म्हणून गेले, तर काकाजी काट्याच्या केबिनमध्ये माझ्या खुर्चीवर. मला पाहून उठले. म्हणाले, "बसा. गाडी उभी हाय." मी बसले. तेवढंच झालं. माफी वगैरे त्यांच्याकडं नव्हती, आणि मलाही नको होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पाटी लागली, सगळे शेडमध्ये गेले, पण काकाजी गाठीवर बसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "आजपासून मालकानं पाहायचं नाई."

"काहून वो?" सुमनबाईंनी विचारलं. "झोपायले दुसरी जागा भेटली का?"

"मी समोर बसलो का तुमचं काम माह्यं होऊन जाते," काकाजी म्हणाले. "माह्यं काम तं सकाळपासून चालूच हाय तुमचं. एवढं एक तुमचं राहू द्या." मग मला म्हणाले, "मॅडम, काट्यावर मी बसतो. तुमी अठी बसा. काई नाई केलं तरी चालते."

त्या दिवसापासून बाजाराच्या दुपारी गाड्या ताटकळायच्या बंद झाल्या, कारण वजन करायला मालक स्वतः हजर. आणि वजनाची वाट लागली. भरलेली ट्रॉली काट्यावर घेताना वर बसलेली माणसं उतरवायची असतात, हे त्यांच्या डोक्यात राहायचं नाही. कापसासोबत ते माणसांचंही वजन करायचे आणि ते कापसातच धरलं जायचं. मग गाडी रिकामी करून परत आली की तिच्यावर कोणी नाही. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी लोक सहकुटुंब कापूस विकायला यायला लागले. एकानं सासूला आणलं. म्हातारी ट्रॉलीवर कापसात बसलेली, काकाजींनी तिला चहा दिला, वरच. मी हे सांगितलं तर म्हणाले, "मालकाले येवढं तं चुकू द्या."

मी शेडमध्ये बसायला लागले. बरेच दिवस काहीच केलं नाही. मग लिहायला लागले. आजोबांचं नाटक. नाटक म्हणजे मोठं काही नाही, रिंगणात उभं राहून करायचं. रऊफभाई पाटील झाले, कारण त्यांना मिशा होत्या. सुमनबाई आजी झाल्या आणि खडी फोडताना त्यांनी लेंगीच्या चालीवर असं काही म्हटलं की मी लिहिलेलं भाषण काढून टाकलं. आजोबा मीच. दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं असं नाही, पण मी द्यायला तयार नव्हते.

सगळं बसलं, फक्त शेवट बसेना. शेवटी आजोबा पाटलाच्या दारात अखेरचं वाजवतात आणि डफडं टांगतात. काकाजींनी आणलेलं ते डफडं शेडच्या कोपऱ्यात तसंच पडून होतं, मी त्याला हात लावला नव्हता. मी म्हणायची, वाजवायचं दाखवायचं नुसतं. हवेत हात.

सुमनबाईंना ते पटेना. "जे वाजवलंच नाई थे सोडता कसं, बाई?"

मी म्हटलं, मग रऊफभाईंनी वाजवावं, मी टांगते. रऊफभाईंनी हात मागं घेतले. "मैं नहीं बजाऊंगा. ये मेरे हाथ का नहीं है." त्यामुळे शेवट तसाच राहिला. दर आठवड्याला आम्ही तिथपर्यंत यायचो आणि चहा प्यायचो.

तेवढ्यात कोणीतरी तालमीचा व्हिडिओ मोबाइलवर काढला आणि तो फिरत फिरत आमच्या गावी पोचला. त्या पाटलाचा नातू आमच्याच जिनिंगला कापूस घालायचा. मोठं घर, आजूबाजूच्या गावांत शब्द चालायचा. नाटकात कोणाचं नाव नव्हतं. पण गावात कोणाला नाव सांगावं लागत होतं?

मामाजी महिना भरायच्या आधीच आले. रुमाल लावायचं विसरले. मी काट्याच्या केबिनमध्ये होते, काकाजी बाहेर उभे. मामाजींनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "भाऊजी, हे पाहा. आपल्या शेडमंदी, आपल्या रोजीवर, आपल्याच गिराइकाच्या आजाची इज्जत काढून राह्यले."

काकाजींनी चश्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "दाखवा आता."

"चश्मा काहून काढला?"

"आमच्याकडं नियम हाय. मालकानं पाहायचं नाई."

"मग ऐका तरी. थे लोक सांगून राह्यले, हे बंद करा नाईतं एक गाडी येनार नाई."

"मी पाह्यलंच नाई थे बंद काय करू?" काकाजी म्हणाले. "तुमी म्हनता खराब हाय. खराब असंन. चांगलंही असंन. मले काय मालूम."

"तं त्या पोट्टीले काढा." केबिनची काच उघडी होती. मामाजींना ते माहीत होतं.

"तिले काढलं तं काट्यावर कोन बसंन? मी?" काकाजी म्हणाले. "मी बसलो का काय होते, थे तुमी पाह्यलं ना."

मामाजींनी पाहिलं होतं. म्हातारी सासू चहा पिताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

नंतरचं आधी सांगून टाकते. मामाजींनी त्याच वर्षी आपला वाटा काढून घेतला आणि सरकीच्या तेलाचा कारखाना टाकला. तो चांगला चालतो. तिथं कोणाला दुसरं काम नाही. आमच्या काही मशीन कायमच्या बंद झाल्या. गाड्या पुढच्या वर्षी थोड्या परत आल्या, कारण राग किती असला तरी कापूस घरात ठेवून उंदीर होतात. सगळ्या आल्या नाहीत. नाटक एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या गावी विहारासमोर झालं, आणि आई पहिल्या रांगेत पाय पसरून बसली होती. मी काकाजींना बोलावलं होतं, पाहुणा म्हणून. आले नाहीत. म्हणाले, "तठी गेलो तरी मी मालकच दिसंन. तुमचं होऊ द्या." काकाजी आता नाहीत. त्यांनी ते नाटक कधीच पाहिलं नाही.

पण मला सांगायचा आहे तो त्याआधीचा एक दिवस, जानेवारीतला. ऐन सीझन. मामाजी येऊन गेल्यानंतर गाड्या कमी होत गेल्या आणि त्या दिवशी सकाळपासून एकही आली नाही. मोकळं आवार मी सीझनमध्ये कधी पाहिलं नव्हतं. कुत्री मधोमध झोपली होती. माणसं शेडच्या दाराशी गप्प बसलेली. कोणी मला काही म्हणालं नाही, हेच जास्त लागलं. सुमनबाईंच्या घरी खाणारी तोंडं किती, मला माहीत होतं. माझ्या घरचे गुडघे तर मी रोज पाहत होते.

मी काकाजींकडं गेले. ते काट्याजवळ उभे राहून रस्ता पाहत होते.

"काकाजी, मी नाटक थांबवते," मी म्हटलं. "अन् नोकरीही सोडते. तसं गावात सांगून द्या. गाड्या येतील."

ते रस्त्याकडंच पाहत राहिले. बोटांत पुंजका नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नसावं.

"तुमचं शेवटचं राह्यलं म्हनते," ते म्हणाले.

"कोण म्हणते?"

"सुमनबाई. मी पाह्यलं नाई, ऐकलं. आज गाड्या नाईत. करून घ्या."

"आज बाजार नाही, काकाजी."

"गाडीच नाई तं बाजार काय अन् सोमवार काय. जा. काट्यावर मी बसतो."

"कशाचं वजन करता?"

"येईन एखांदी."

ते केबिनमध्ये गेले. खुर्ची फिरवून रस्त्याकडं तोंड केलं, शेडकडं पाठ. आवार मोकळं असल्यामुळे शेडच्या दारातून ती पाठ सरळ दिसत होती. मधे एक गाडी उभी असती तर बरं झालं असतं.

रऊफभाईंनी कोपऱ्यातलं डफडं उचललं. थंडीनं चामडं सैल पडलं होतं. डफडं वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, पण जिनिंगमध्ये काडी ओढायची सोय नाही, रुई पेट घेते. त्यांनी ते पत्र्यावर उन्हात ठेवलं. आम्ही बाकीचं नाटक केलं. खडी फोडून झाली, विहीर बंद करून झाली. नाटकात मागचं पुढं केलं होतं, टांगणं शेवटी. रऊफभाईंनी पत्र्यावरून डफडं काढून आणलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. गरम होतं. मी ते कमरेला बांधलं.

मला कोणी शिकवलं नव्हतं. पण लहानपणी जेवायला उशीर झाला की बाबा परातीवर बोटं वाजवायचे आणि आजी परात ओढून घ्यायची. तो ठेका मला माहीत होता. परात ओढली जायच्या आतला तेवढाच.

मी दारातून पाहिलं. पाठ जागेवर होती. मी वाजवलं.

चांगलं वाजलं नाही. हात आखडत होता, वाजवायची काडी घसरत होती. मग आजी परात ओढायची ती जागा आली, आणि कोणी ओढली नाही, तर मी पुढं गेले. पुढचं मला माहीत नव्हतं, ते तिथंच झालं. आवाज पत्र्याला लागून सगळ्या मोकळ्या आवारात फिरला. कुत्री उठली. सुमनबाईंनी पदर तोंडात धरला. रऊफभाई पाटील होते, त्यांनी दारातून बोट दाखवून मला थांब म्हणायचं होतं, ते विसरले. मी माझ्या मनानं थांबले, कमरेचं डफडं सोडलं आणि प्रेसच्या लोखंडी बीमला टांगलं.

सगळा वेळ अधूनमधून मी केबिनकडं पाहत होते. काकाजी एकदाही वळले नाहीत. रस्त्यावरून एकही गाडी आली नाही, तरी ते रस्ता पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते गळ्याला मफलर गुंडाळून आले. मान आखडली होती. इकडं पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. रऊफभाईंनी विचारलं, काय झालं. म्हणाले, काल दुपारी केबिनमंदी पंख्याची हवा लागली.

केबिनमध्ये पंखा नव्हता.